सहकाऱ्याचं काम आपल्यावर पडतं तेव्हा काय करावं?

कोरापान
सोमवार, रात्री १०:१२

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

आमच्या अकाउंट्स सेक्शनमध्ये आम्ही चौघं आहोत. महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशोब जुळवून बंद करणं, पाचव्या कामाच्या दिवसापर्यंत साहेबांच्या टेबलावर गेलंच पाहिजे, असा नियम आहे. चौघांतला एक, त्याला 'क्ष' म्हणते, माझ्या शेजारी बसतो. वयाने माझ्याएवढाच, बोलायला अतिशय गोड, कुणाशी भांडण नाही. पण काम पुढे सरकत नाही. व्हेंडरची लेजर (माल पुरवणाऱ्यांची खाती) जुळवायला दिली की दोन दिवसांनी विचारल्यावर म्हणतो, 'बघतोच आहे'. चौथ्या दिवशी कळतं की अजून फाइलच उघडलेली नाही. मग पाचव्या दिवशी सकाळी मी ती घेते, जेवणाची सुट्टी सोडून पूर्ण करते आणि क्लोजिंग वेळेवर जातं. साहेब म्हणतात, 'छान झालं, टीमने चांगलं काम केलं.'

टीमने!

हे दोन वर्षं चाललंय. गेल्या आठवड्यात मुलीच्या शाळेतला कार्यक्रम माझ्यामुळे हुकला, म्हणजे खरं तर त्याच्या अपुऱ्या लेजरमुळे हुकला. ती काही बोलली नाही, पण मला रात्रभर झोप आली नाही. साहेबांकडे जाऊन सांगितलं तर चुगली केल्यासारखं होईल, त्याच्याशी बोलावं तर शेजारी बसून रोजचं तोंड पाहायचंय. असा अनुभव कुणाला आहे का? तुम्ही काय केलंत?

सांजवारा
सोमवार, रात्री १०:४०

आहे, आणि चांगलाच आहे. जो काम करतो त्यालाच काम मिळतं, हा सगळीकडचा नियम. माझ्या बाजूला असा एक इसम चार वर्षं होता. समजावलं, मदत केली, शेवटी वरपर्यंत गेलो. वरच्यांनी त्याला बोलावून दोन शब्द सुनावले, आठवडाभर सुधारला, परत पाट्या टाकायला लागला. शेवटी नोकरी मी सोडली.

कटू वाटेल, पण काही माणसं जाणूनबुजून अंग काढून घेतात. मऊ लागलं की कोपराने खणतात. तुम्ही मऊ लागताय त्याला.

रेघ
सोमवार, रात्री ११:०५

एक बारीक प्रश्न. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही ते काम घेता, तेव्हा ते कुणाला कळतं? साहेबांना, बाकीच्या दोघांना, की फक्त तुम्हा दोघांनाच?

कोरापान
सोमवार, रात्री ११:२१

आम्हा दोघांनाच. बाकीच्या दोघांना अंदाज असेल. साहेबांना अजिबात नाही.

तळटीप
मंगळवार, सकाळी ७:५०

रेघ यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी चौदा वर्षं टीम सांभाळतोय, त्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

वेळेवर आलेलं काम दिसतं, बाकी काही दिसत नाही. माझ्याकडेही एक जोडी होती. एक मुलगी दोघांचं काम उरकायची, आणि मला तीन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. अप्रेझलमध्ये दोघांना जवळपास सारखंच लिहिलं मी. ती राजीनामा घेऊन आली त्या दिवशी सगळं बाहेर पडलं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'तुम्हाला दिसत असेल असं वाटलं.' मला ते वाक्य अजून टोचतं. बघायला हवं होतं मी. माझं कामच होतं ते. पण दिसलं नव्हतं, हेही खरं आहे, कारण तिने एकही भेग उघडी ठेवली नव्हती.

कोरापानताई, तुम्ही दर महिन्याला भेग लिंपताय आणि भिंत सरळ दिसतेय.

आता चुगलीबद्दल. 'क्ष कामचुकार आहे' असं कुणी येऊन सांगितलं तर मला काहीही करता येत नाही. ते एकाचं दुसऱ्याबद्दलचं मत झालं. दुसरा येऊन उलट सांगेल. पण 'गेल्या तीन क्लोजिंगमध्ये ही ही कामं शेवटच्या दिवशी माझ्याकडे आली, माझं अमुक त्यामुळे मागे राहिलं, पुढच्या महिन्यात कुठलं आधी करू ते तुम्ही ठरवा' असं कुणी म्हटलं तर मला हातपाय हलवावेच लागतात. तिथे माणसाचा न्याय करायचा नसतो, कामाची वाटणी करायची असते, आणि ती माझी जबाबदारी आहे. याला चुगली म्हणत नाहीत.

मोजपट्टी
मंगळवार, सकाळी ९:३३

माझा अभ्यासाचा विषय मानसशास्त्र, म्हणून थोडं लांबण लावतो.

माक्स रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. माणसं किती जोर लावतात हे मोजायला त्यांनी लोकांना दोर ओढायला लावला. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो तो १०० धरला, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४९ च येत होता. १९१३ साली त्यांनी हे छापलं. मग प्रश्न आला की सगळ्यांचा जोर एका वेळी, एका दिशेने लागत नाही म्हणून असं होतं का? १९७४ मध्ये काही संशोधकांनी डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला दोर ओढायला दिला आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. मागे खरं तर कुणीच ओढत नव्हतं. तरी जोर कमी झाला. १९७९ मध्ये लटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी ओरडण्यावर असाच प्रयोग केला. आपल्याबरोबर आणखी एक जण ओरडतोय असं वाटलं की माणूस स्वतःच्या ताकदीच्या ८२ टक्के ओरडायचा, आणखी पाच जण आहेत असं वाटलं की ७४ टक्के.

कोरापान यांच्या कामाचं यात आहे ते पुढे. १९८१ मध्ये याच तिघांनी दाखवलं की गटात असतानाही 'तुझा आवाज वेगळा मोजला जातोय' असं सांगितलं की माणूस एकट्यासारखाच जोर लावतो. म्हणजे माणूस तोच, गटही तोच, फरक फक्त एवढाच की वाटा वेगळा दिसतो की नाही.

'टीमने चांगलं काम केलं' या वाक्यात चौघांचे वाटे एकमेकांत मिसळून जातात. कुणाच्या नावावर कुठलं काम आणि कुठल्या दिवशी, असा साधा तक्ता तुमच्या सेक्शनमध्ये आहे का?

कोरापान
मंगळवार, दुपारी १:४८

नाही. सगळं तोंडी चालतं. 'हे बघून घ्या रे' असं साहेब म्हणतात आणि जो मान वर करतो त्याचं ते काम होतं. मान मीच वर करते.

सांजवारा
मंगळवार, दुपारी २:१५

मोजपट्टी, दोर आणि ओरडणं ठीक आहे, पण ज्याला करायचंच नाही त्याला तक्ता दाखवून काय होणार? माझ्याकडे तक्ताही होता. त्याच्या रकान्यात 'चालू आहे' एवढंच लिहिलेलं असायचं, चार-चार महिने.

आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, इथे सांगतो. शेवटच्या वर्षी मीही हात आखडता घेतला. मीच का मरमर करायची, असं झालं. कुणी विचारलं की मीही 'चालू आहे' म्हणायला लागलो. ज्या कामाचा मला अभिमान होता ते मी अर्धवट सोडायला लागलो. त्या माणसाचा राग गेला कधीच, पण त्या एका वर्षाबद्दल मला अजून वाईट वाटतं.

मोजपट्टी
मंगळवार, दुपारी २:५०

सांजवारा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. १९८३ मध्ये कर नावाच्या संशोधकाने हेच नोंदवलंय. जोडीदार येत असूनही करत नाही असं दिसलं की माणूस स्वतःचं नुकसान सोसून हात आखडता घेतो, कारण फुकटचा राबणारा ठरणं त्याहून जास्त झोंबतं. त्यात तुमचा स्वभाव वाईट ठरत नाही. म्हणूनच कोरापान यांनी दोन वर्षांवर आणखी दोन वर्षं जाऊ देऊ नयेत.

उंबरठा
मंगळवार, रात्री ९:०७

मी सहसा वाचून निघून जाते. आज लिहावंसं वाटलं, कारण या गोष्टीतली क्ष मी होते.

आमच्याकडे कामाची सगळी पद्धत बदलली, नवीन सॉफ्टवेअर आलं. सगळ्यांचं ट्रेनिंग झालं त्या दोन आठवड्यांत मी रजेवर होते, घरात आजारपण होतं. परत आले तर सगळे भराभरा काम करताहेत आणि मला पहिला स्क्रीनही कळत नव्हता. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर काहीच झालं नसतं. नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारायला थोडी लाज वाटली, महिन्याने खूप वाटली. सहा महिन्यांनी 'मला हे येतच नाही' असं म्हणणं अशक्य होऊन बसलं. मग मी काय करायचे? फाइल उघडायचीच नाही. 'बघतेच आहे' म्हणायचे. कोरापान, तुमच्या पोस्टमधलं ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला.

शेजारची सहकारी माझं काम उचलायची. चिडायची नाही, बोलायची नाही. तिला वाटायचं ती माझ्यावर उपकार करतेय, आणि मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण तिने काम उचललं की माझी शिकायची आणखी एक संधी जायची आणि मी आणखी खोल जायचे. घरी जाताना रोज ठरवायचे, उद्या सांगेन.

ती बदलून गेली. तिच्या जागी आलेल्या ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात मला विचारलं, 'तुला यातलं नेमकं कुठे अडतं?' का केलं नाहीस, असं नाही विचारलं. मी रडले. त्या दोन दुपारी माझ्याजवळ खुर्ची टाकून बसल्या. दोन दुपारींचं काम होतं हो ते! दीड वर्षं मी त्यासाठी तोंड लपवत होते.

सांजवारा यांच्या शेजारचा तसा नसेलही. पण कोरापान, तुमच्या क्षला तुम्ही कधी हे विचारलंय का?

कोरापान
मंगळवार, रात्री ११:३०

नाही विचारलं. दोन वर्षांत एकदाही नाही.

उंबरठा, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

दिवेलागण
बुधवार, सकाळी ६:१०

नाइट संपवून आत्ताच घरी आले. मी नर्स आहे. 'तुम्ही काम उचलू नका, ते पडू द्या' असा सल्ला नेहमी दिला जातो, म्हणून लिहिते. माझ्या वॉर्डात पडू देता येत नाही. आधीच्या शिफ्टने व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घेतले नसतील तर मला ते घ्यावेच लागतात, तिथे पेशंट झोपलेला असतो. त्याच्या जिवावर कुणाला धडा शिकवायचा नसतो.

मग आम्ही काय केलं, तर ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती, घेण्याची पद्धत बदलली. आधी टेबलापाशी उभं राहून 'सगळं ठीक आहे ना? ठीक आहे' असं व्हायचं. मी इन्चार्ज सिस्टरना सांगून प्रत्येक पलंगापाशी जाऊन, चार्ट हातात घेऊन ओव्हर घ्यायला सुरुवात केली. राहिलेलं तिथेच दोघींना दिसतं. मी शांतपणे विचारते, 'हे दहाचं औषध द्यायचं राहिलंय की दिलंय आणि लिहायचं राहिलंय?' आवाज चढवायचा नाही, पेशंट ऐकत असतो. उत्तर आलं की जे खरं आहे तेच चार्टवर लिहायचं. ती आपली मैत्रीण आहे म्हणून गेलेली वेळ भरायची नाही कधी. काम मी करते, पण ते माझ्या वेळेला, माझ्या सहीने होतं.

पहिला महिना माझ्याशी दोघी-तिघी बोलत नव्हत्या. अवघड गेलं. नंतर राहिलेल्या गोष्टी कमी झाल्या.

तळटीप
बुधवार, सकाळी ८:२२

दिवेलागण, 'माझ्या वेळेला, माझ्या सहीने' हे फार मोलाचं आहे. कोरापानताईंचं नेमकं हेच राहून गेलंय. काम उचललं तरी नाव त्याचंच राहतं.

मोजपट्टी
बुधवार, सकाळी १०:४०

बोलायला जाण्याआधी एक करा. दोन आठवडे लिहून काढा, आणि फक्त त्याचं नको, स्वतःचंही. कोणी काय केलं, कधी केलं, मुळात ते कोणाचं होतं. कारण आपलं काम आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि दुसऱ्याचं आपल्यामागे. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली यांनी ३७ जोडप्यांतल्या नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, की घरातल्या अमुक कामातला तुमचा वाटा किती. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज १०० च्या वर गेली. गंमत नाही, भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही लोक स्वतःचा वाटा जास्तच धरत होते. तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण वही हातात असली की तुमचा आवाज कापणार नाही.

रेघ
बुधवार, सकाळी ११:१५

आणि बोलताना फक्त एकाच वेळची एकच गोष्ट घ्या. 'तू नेहमीच असं करतोस' म्हटलंत की तो त्या 'नेहमी'शी भांडेल, लेजर राहील बाजूला. 'लेजर मंगळवारी यायचं होतं, गुरुवारीही आलं नाही, मला शुक्रवारी रात्री थांबावं लागलं. अडचण असेल तर मला सोमवारीच कळली पाहिजे.' एवढंच. मग गप्प बसा. तो गप्प बसला तरी तुम्ही बोलून ती शांतता भरू नका. भिडस्त माणसं तिथेच घसरतात. 'जाऊ दे, मी बघते' म्हणून मोकळी होतात.

कोरापान
सोमवार (तीन आठवड्यांनी), रात्री ९:५५

उशीर झाला लिहायला. मधे एक क्लोजिंग होऊन गेलं.

आधी वहीचं सांगते. दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच मिनिटं लिहिलं. माझा अंदाज होता की क्षची दहा-अकरा कामं मी करते. वहीत सात निघाली. सातसुद्धा पुष्कळच आहेत, पण बाकीच्या चारांत बँक रेको (बँकेच्या स्टेटमेंटशी आपले हिशोब जुळवणं) होतं, आणि ते मीच त्याच्या रजेत घेतलं होतं, परत दिलंच नव्हतं. त्याला वाटत होतं ते आता माझं झालं. आणखी एक दिसलं. व्हेंडरचे फोन दिवसभर तोच घेतो. पेमेंट का आलं नाही म्हणून तापलेली माणसं असतात, तो शांतपणे बोलतो. ते मी कधीच कामात धरलं नव्हतं. मला ते फोन आले असते तर माझं निम्मं काम राहिलं असतं.

मग त्याच्याशी बोलले. सगळे गेल्यावर, जागेवरच. रेघ यांनी सांगितलं तसं एकच लेजर घेतलं. मग उंबरठा यांचा प्रश्न विचारला, 'तुला यात नेमकं कुठे अडतं?' तो आधी हसला, 'काही नाही गं, वेळ मिळत नाही' म्हणाला. मी गप्प राहिले. फार कठीण गेलं ते. मग म्हणाला की जुन्या एन्ट्र्या दोन वर्षांपासून जुळत नाहीत, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, आणि तू घेतेस तेव्हा तुझं पटकन होतं. मी त्याला सांगितलं, की माझं पटकन होत नाही, मी जेवत नाही त्या दिवशी. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो कायम पहिल्या पंगतीला उठून जातो, माझी खुर्ची त्याला दिसतच नसे.

मुलीच्या कार्यक्रमाचंही सांगितलं. सांगताना आवाज कापला, वही असूनही.

साहेबांकडे आम्ही दोघं मिळून गेलो, तक्ता घेऊन. कुणाचं काय, कुठल्या दिवशी. फोन त्याच्या नावावर लिहिले, बँक रेकोही परत त्याच्या नावावर. साहेबांनी नजर टाकली आणि बोर्डावर लावायला सांगितला. एवढंच बोलले ते. मला आणखी काही ऐकायचं होतं, ते आलं नाही.

सांजवारा
सोमवार, रात्री १०:२०

आणि क्लोजिंगचं? आलं का त्याचं वेळेवर?

कोरापान
सोमवार, रात्री १०:४४

लेजर दुसऱ्या ऐवजी तिसऱ्या दिवशी आलं, पण आलं. बँक रेको चौथ्या दिवशीही नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'रेको कुणाकडे आहे?' माझी मान वर व्हायला लागली होती. मी टेबलाची कड धरून बसले. तो म्हणाला, 'माझ्याकडे. उद्या सकाळी देतो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला दिलं. क्लोजिंग अर्धा दिवस उशिरा गेलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी कारण विचारलं, त्यानेच सांगितलं.

दिवेलागण
सोमवार, रात्री ११:०२

आणि तुम्ही त्या दिवशी जेवलात का?

कोरापान
सोमवार, रात्री ११:१०

जेवले. घास उतरत नव्हता, पण उठून गेले आणि जेवले.

रेकोमध्ये दोन चुका होत्या. दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी खुणा करून त्याला परत दिलं. त्याने बराच वेळ कागद पाहिला आणि विचारलं, 'ही तफावत कुठून शोधायची असते?' दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला कामातलं काही विचारलं. उद्या अकरा वाजता दोघं बसतोय, मागच्या एन्ट्र्यांपासून. उंबरठा, दोन दुपारी लागतील असं धरून चालले आहे.